फातोर्ड्यातील सदनिका आणि तिच्यासोबत घ्यावी लागलेली चौदा नंबरची जागा

मडगावच्या कदंब बसस्थानकापासून पायी दहा मिनिटांवर, फातोर्ड्यातील एका आतल्या रस्त्याला लागून असलेल्या चार मजली इमारतीत राहायला येऊन आम्हाला येत्या दिवाळीत दोन वर्षे होतील. या भागात घर घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. विकासकाचे नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्याविषयी कमी आणि ज्या नियमाखाली तो इमारत बांधतो त्या नियमाविषयी अधिक आहे. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी ती जागा माझ्या गळ्यात पडलीच असती.

आधी घराविषयी, कारण घर चांगले आहे. दोन शयनगृहांची ब्याऐंशी चौरस मीटरची सदनिका तिसऱ्या मजल्यावर असून नैऋत्येचा वारा थेट दिवाणखान्यात येतो. पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीखाली ओल आली होती. कळवल्यावर आठवड्याच्या आत माणूस आला आणि त्यानंतर तिथे पाणी झिरपलेले नाही. लिफ्ट छोटी आहे, पण बंद पडत नाही. पहाटे घाऊक मासळी बाजाराकडे जाणाऱ्या वाहनांचा आवाज येतो आणि वारा उलटा असला तर वासही येतो. ज्याला याचे वावडे आहे त्याने या बाजूला घर पाहू नये. आम्हाला ते चालते, कारण आम्ही ही जागा बसस्थानकासाठीच निवडली होती. मी पणजीला नोकरी करतो. घराच्या फाटकातून निघाल्यापासून नऊ मिनिटांत मी पणजी शटलच्या तिकीट खिडकीपुढच्या रांगेत असतो, गाडी भरली की ती निघते, आणि नव्या झुआरी पुलाचे दोन्ही मार्ग सुरू झाल्यापासून पूर्वीची कुठ्ठाळीची रखडपट्टीही उरलेली नाही. पत्नी शाळेत शिकवते आणि चालत जाते. आमच्याकडे एक स्कूटर आहे. मोटार नाही, आणि घ्यायचा विचारही नाही.

तरीही आम्ही मोटारीसाठी जागा विकत घेतली आहे, आणि या अभिप्रायाचा खरा विषय तोच आहे. विक्री कार्यालयात दरपत्रक पुढे आले, तेव्हा त्यात सदनिकेच्या किमतीखाली ‘स्टिल्ट पार्किंग, एक’ (म्हणजे इमारतीखाली खांबांमध्ये मोकळ्या सोडलेल्या तळमजल्यावर एका गाडीची जागा) अशी ओळ होती आणि तिच्यासमोर साडेचार लाखांचा आकडा होता. आम्हाला गाडी नाही, तेव्हा ही ओळ काढून टाका, असे मी सुचवले. समोरचा तरुण अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, जागा वापरायची की नाही ते तुमच्यावर आहे; पण ती फ्लॅटबरोबरच जाते. नकाशा तसाच मंजूर झाला आहे.” मी थोडी घासाघीस केली, त्याने त्याबदल्यात स्वयंपाकघराच्या ओट्याला चांगला ग्रॅनाइट देऊ केला, आणि मी सही केली. साडेचार लाख गृहकर्जातच मिळवले असल्याने त्यांचा वेगळा भार त्या दिवशी जाणवला नाही. पुढे हिशेब केला, तेव्हा वीस वर्षांच्या हप्त्यात त्या जागेचा वाटा महिन्याला सुमारे तीन हजार नऊशे रुपये निघाला.

जागा कशी आहे, तेही सांगतो. दोन खांबांच्या मध्ये, पांढऱ्या पट्ट्यांत, भिंतीवर पिवळ्या रंगात १४ असा आकडा लिहिलेली ही आयताकृती जागा मी टेपने मोजली: रुंदी अडीच मीटर, लांबी पाच मीटर. कागदावर हे माप चोख आहे. प्रत्यक्षात डावीकडचा खांब पट्टीच्या आत चार बोटे आलेला असल्याने चालकाच्या बाजूचे दार पुरते उघडत नाही. समोरच्या तेरा नंबरात मोठी गाडी उभी असेल, तर चौदामधून बाहेर पडायला तीनदा मागेपुढे करावे लागते. हे मला मेहुण्याच्या गाडीमुळे कळले. तो चतुर्थीला सावर्ड्याहून आला होता आणि निघताना मागचा दिवा खांबाला लावून गेला. जमिनीचा उतार आतल्या बाजूला असल्याने जुलैत तिथे घोटा बुडेल इतके पाणी साचते. थोडक्यात, मोटार असलेल्यालाही ही जागा फार सुखाची नाही. ज्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळवावे लागत नाही, ती जीव ओतून कोण बांधणार?

आम्ही तिचा उपयोग शोधून काढला आहे, हे कबूल करतो. पावसाळ्यातील तीन महिने तिथे आमच्यासह शेजारच्या दोन घरांच्या कपड्यांच्या दोऱ्या असतात. सासऱ्यांच्या भाटातून येणारे नारळ तिथेच सोलले जातात. चतुर्थी झाली की माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायची, लाकडी चौकट वर्षभर त्याच भिंतीला टेकून राहते. आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस इमारतीतील मुले तिथे नरकासुर बांधतात; गवत, जुने कपडे, रद्दी आणि खळीची डेग यांनी तो कोपरा भरून जातो. मुलांना छपराखालची इतकी प्रशस्त जागा फुकटात दुसरीकडे मिळाली नसती, आणि मलाही त्या पंधरा दिवसांतच साडेचार लाख थोडेफार वसूल झाल्यासारखे वाटतात.

गमतीचा भाग निराळाच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी, पाहुणेरावळे नसताना, रात्री अकरा वाजता मी खाली उतरून मोजणी केली. चोवीस सदनिका, चोवीस जागा. त्यांपैकी चौदांमध्ये मोटारी होत्या, तीनमध्ये केवळ स्कूटर, आणि सात मोकळ्या. त्याच वेळी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला आमच्याच इमारतीतील पाच गाड्या उभ्या होत्या, कारण त्या कुटुंबांकडे दोन-दोन मोटारी आहेत आणि जागा मात्र प्रत्येकी एकच. आत जागा रिकामी आणि बाहेर रस्ता अडलेला, असा हा कारभार. पार्किंग कमी पडते म्हणून रस्त्यावर गाड्या येतात, हे आपण गृहीत धरतो. आमच्याकडे ते पुरून उरले असूनही येतात, कारण प्रत्येक जागा एका दाराशी खिळ्याने ठोकल्यासारखी बांधलेली आहे.

हे असे का होते, ते समजून घ्यायचे तर नियमाकडे जावे लागते. गोव्यात २०१० ची जमीन विकास आणि इमारत बांधकाम नियमावली लागू आहे, आणि देशातील बहुतेक नियमावल्यांप्रमाणे तिच्यातही इमारतीच्या वापरावरून आणि आकारावरून किमान किती वाहनांची सोय केलीच पाहिजे हे ठरते. ती सोय नकाशात दिसली नाही, तर परवानगी मिळत नाही. अशा हिशेबात घरात कोण राहणार, त्याच्याकडे गाडी आहे की नाही आणि बसस्थानक दाराशी आहे की दहा किलोमीटरवर, यांपैकी कशालाच स्थान नसते. आणि गाडी नुसती अडीच बाय पाच मीटरमध्ये मावत नाही. तिला वळायला आणि आतबाहेर करायला वाट लागते. दिल्लीच्या २०२१ च्या बृहद् आराखड्यात हे सर्व धरून एका मोटारीला उघड्यावर २३, तळमजल्यावर छपराखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर, असे प्रमाण दिलेले आहे. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा: २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात दुर्बल घटकातील कुटुंबाच्या घरासाठी चटईक्षेत्राची मर्यादा ३० चौरस मीटर होती. छपराखालच्या गाडीच्या झोपण्याच्या जागेत आणि एका कुटुंबाच्या घरात केवळ दोन चौरस मीटरचा फरक उरतो. आमच्या इमारतीत चोवीस जागांसाठी सहाशे चौरस मीटरहून अधिक क्षेत्र खर्ची पडले आहे, आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग त्या सोमवारी रात्री रिकामा होता.

या अटीविरुद्धचा विचार नवा नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी, ज्यांचे २०२५ मध्ये निधन झाले, आयुष्यभर एकच गोष्ट पटवून दिली: फुकट दिसणारे पार्किंग फुकट नसते, त्याचा खर्च घरभाड्यात, किराणा मालाच्या दरात आणि जेवणाच्या बिलात मुरलेला असतो, आणि गाडी नसलेला माणूसही तो भरत असतो. त्यांच्याच राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या, म्हणजे सुमारे आठशे मीटरच्या आत येणाऱ्या बहुतेक बांधकामांवर कोणत्याही नगरपालिकेला किमान पार्किंगची अट घालता येणार नाही, असे तो सांगतो. इथे एक गैरसमज होतो, म्हणून स्पष्ट करतो: हा कायदा पार्किंगला बंदी घालत नाही. ज्या विकासकाला वाटते की आपली गिऱ्हाइके गाडीवाली आहेत, त्याने खुशाल हवी तेवढी जागा ठेवावी. सरकारने आकडा सांगायचा नाही, एवढेच.

त्या कायद्यातील बारकावे मला अधिक आवडले. मोठा थांबा कशाला म्हणायचे याची व्याख्या आहे: रेल्वे स्थानक, बस किंवा रेल्वेने जोडलेला फेरी धक्का, किंवा जिथे दोन मुख्य बसमार्ग एकमेकांना छेदतात आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत कायदा झाला तेव्हाच्या हिशेबाने दर पंधरा मिनिटांनी बस असते असे ठिकाण. रस्त्याच्या कडेला बस असे लिहिलेला खांब रोवला म्हणजे थांबा झाला, असे नाही. अपंगांसाठीच्या राखीव जागा आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या सोयी यांच्या अटी या कायद्याने उठवलेल्या नाहीत. आणि हॉटेल, मोटेल व तत्सम तात्पुरत्या मुक्कामाच्या इमारतींना ही सूट मिळत नाही. हा शेवटचा अपवाद कोणा कॅलिफोर्नियावासीयाने गोव्यावर नजर ठेवूनच लिहिला असावा, असे मला वाचताना वाटले.

परिणामांविषयी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ मध्ये संपूर्ण शहरातूनच किमान अट काढली. त्यानंतर झालेल्या अभ्यासात मोठ्या प्रकल्पांपैकी ४७ टक्के प्रकल्पांनी पूर्वीच्या सक्तीपेक्षा कमी जागा ठेवल्या असे दिसले, तर फक्त घरे किंवा फक्त दुकाने अशा एकाच वापराच्या इमारतींनी बहुतांशी पूर्वीइतक्या किंवा जास्तच ठेवल्या. म्हणजे अट गेली म्हणून पार्किंग नाहीसे झाले नाही. जिथे गरज नव्हती तिथे ते आटले. लंडनने २००४ मध्ये किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा आणली आणि नव्या घरांमागे सरासरी १.१ जागा होत्या, त्या ०.६३ वर आल्या. न्यूझीलंडने तर देशभरातील मोठ्या शहरांना फेब्रुवारी २०२२ पर्यंत ही अट नियमांतून काढायला लावली. आपल्याकडेही केंद्राच्या २०१७ च्या सार्वजनिक वाहतूककेंद्री विकास धोरणात स्थानकापासून पाचशे ते आठशे मीटरच्या प्रभावक्षेत्रात पार्किंगचा पुरवठा आवरता ठेवावा असेच सुचवले आहे. अंतर तेच, कल्पना तीच. फक्त आपल्या विक्री कार्यालयाच्या दरपत्रकापर्यंत ती उतरलेली नाही.

ही सगळी माहिती मी आमच्या इमारतीच्या सभेत मांडली, तेव्हा चौथ्या मजल्यावरील काकांनी, जे निवृत्त अभियंता आहेत आणि ज्यांच्या दोन गाड्यांपैकी एक कायम फाटकाबाहेर असते, मला थोपवले. “तुमचे लंडन आणि कॅलिफोर्निया राहू दे,” ते म्हणाले, “रात्री साडेनऊला पणजीहून मडगावला यायचे असेल तर कसे येता, ते सांगा.” प्रश्न रास्त होता. दिवसा मी राजासारखा जातो-येतो. पण कार्यालयात उशीर झाला, नाटकाला थांबलो किंवा दवाखान्यात कोणाला भेटायला गेलो, की सहकाऱ्याच्या गाडीत जागा मागणे किंवा टॅक्सीचे भाडे ऐकून गप्प बसणे, एवढेच हाती उरते. स्थानकावरून आतल्या वाड्यावर जायला पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने नेणारा पायलट मिळतो, ही गोव्याची खास सोय. परंतु दोन मुले आणि तांदळाची पिशवी घेऊन त्याच्यामागे बसता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, गोव्यातील सुमारे ४५ टक्के घरांत मोटार आढळली आणि हे प्रमाण सर्व राज्यांत सर्वाधिक होते. ती चैन म्हणूनच घेतलेली असते असे नाही. पुष्कळदा ती संध्याकाळनंतरच्या बसची जागा भरून काढते.

काकांचे म्हणणे मी मान्य करतो, पण त्यांचा निष्कर्ष नाही. सर्वाधिक मोटारींच्या राज्यातही निम्म्याहून अधिक घरांत मोटार नाही, आणि त्या घरांनाही बसस्थानकाजवळ राहायचे असेल तर आधी मोटारीच्या खोलीचे पैसे भरावे लागतात. म्हणून माझ्या मते ही सूट गोव्यात सरसकट नको. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक पंचायतीच्या रस्त्यावर ती लावली, तर दिवसातून चार बस येणाऱ्या गावातही विकासक पार्किंग वाचवून फायदा खिशात घालतील आणि गाड्या पाऊलवाटेवर येतील. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा आणि वास्को येथील मुख्य बसस्थानके आणि मडगावचे रेल्वे स्थानक यांच्या आठशे मीटरच्या परिघात, बसच्या फेऱ्या खरोखर मोजून, आणि पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिका स्पष्टपणे वगळून ती दिली, तर तिचा लाभ राहणाऱ्यालाच होईल. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण आमच्याच इमारतीतील दोन सदनिकांत दर शुक्रवारी वेगळ्या क्रमांकाची भाड्याची गाडी येते, आणि ती कुठे उभी करायची हे त्या पाहुण्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट विक्रीची. जागा सदनिकेपासून वेगळी विकावी किंवा भाड्याने द्यावी. ज्याला हवी तो घेईल. आपल्या देशातील कायद्याची याबाबतची स्थिती गुंतागुंतीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतील एका प्रकरणात, महाराष्ट्राच्या कायद्याचा अर्थ लावताना, स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि विकासकाला ती स्वतंत्र विकता येणार नाही असे ठरवले होते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उघड्यावरची पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात धरली आहे. विकासकाने सामाईक मालमत्ता विकून पैसे करू नयेत हा यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु जागा सामाईक असो वा खाजगी, तिची संख्या सक्तीने ठरलेली असेपर्यंत तिचा खर्च सदनिकेच्या दरात शिरणारच. जपानने १९६२ पासून याच्या नेमके उलट केले: मोटार घेणाऱ्याने आधी ती ठेवायची जागा कुठे आहे हे दाखवायचे, मगच तिची नोंदणी. ओझे घरावर न टाकता गाडीवर टाकले. आमचे काका या उपायाने मात्र अजिबात खूश झाले नाहीत.

घर पाहायला येणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी कराव्यात. दरपत्रकात पार्किंगची ओळ वेगळी मागावी आणि करारनाम्यात तिचे वर्णन नेमके काय केले आहे, ते वाचावे. जागेवर प्रत्यक्ष गाडी आत-बाहेर घालून पाहावी, कारण पट्ट्या रंगवायला खांब आड येत नाहीत. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी, ती जागा इमारतीतल्याच दुसऱ्या कोणाला देता येईल की नाही हे सोसायटीला आधीच विचारून ठेवावे. हे मी केले नव्हते. घराला मी पाचपैकी चार गुण देतो, बसस्थानकाच्या सान्निध्याला पाच, आणि चौदा नंबरला एक, तोही नरकासुराच्या आठवणीने.

गेल्या महिन्याच्या सभेत निदान एवढे झाले की, सभासदाने आपली जागा इमारतीतल्याच रहिवाशाला भाड्याने देण्यास हरकत नाही असा ठराव झाला. पहिले अर्जदार काकाच होते. त्यांची बाहेरची गाडी आता चौदामध्ये उभी असते आणि ते मला महिन्याला आठशे रुपये देतात. हप्त्यातला वाटा तीन हजार नऊशे आहे आणि कर्जाची अठरा वर्षे बाकी आहेत. कपड्यांच्या दोऱ्या मी सोडल्या, माटोळीची चौकट गच्चीवर नेली. मुलांनी नरकासुरासाठी यंदा नऊ नंबर पाहून ठेवला आहे. तोही रिकामाच असतो.